दारातलं धरणं आणि कडक भाकरी

भाद्रपद शुद्ध दशमी. शेंगदाणे भाजून झाले आहेत. आता पाखडायचे, तिखट-मीठ-लसूण घालून उखळात घालायचे आणि तेल सुटेपर्यंत कुटायचे. मध्येच लिहायला बसले, कारण या अंकाचे संपादक आमच्या खानावळीत दोन्ही वेळ जेवतात आणि ताटावर बसले की एकच विषय काढतात. "गौराक्का, तुम्ही आफ्रिकेत राहून आलात. सिंहाबद्दल लिहा."

सिंह मी पाहिला नाही. आम्ही राहत होतो ते मोंबासा हे बंदर आहे. तिथं सिंह येत नाहीत, बोटी येतात. आणि बोटीतून कधी कधी सोलापूरचा वसुलीवाला येतो. तो मी पाहिला आहे, त्याला जेवू घातलं आहे. तेव्हा त्याच्याबद्दल लिहिते. सिंह हवा असेल त्यांनी सर्कशीत जावं.

खानावळीचा धंदा मी ठरवून धरला नाही. आमचे यजमान रेल्वेत फिटर. करारावर मोंबासाला गेले आणि पुढं मला नेलं. तिथल्या शेडमध्ये आपल्याकडची पुष्कळ माणसं होती, सोलापूरची, माढ्याची, जेऊरची, अक्कलकोटकडची. त्यांना तिथं भात मिळे, चपाती मिळे, भाकरी मिळत नसे. ज्वारी तिकडंही पिकते आणि तिला मटामा म्हणतात, हे मला बाजारात एका पोत्यात हात घातल्यावर कळलं. दाणा तांबूस आणि थोडा कडसर, पण भाकरी होते. पहिल्या भाकरीचा वास भिंतीपलीकडं गेला. पलीकडं यजमानांच्या हाताखालचा इरप्पा फिटर राहायचा. तो भिंतीवरून ओरडला, "वैनी, एक भाकरी हिकडं टाका की. पैसं यजमानास्नी देतो."

भाकरी मी टाकली. पैसे माझ्याच हातात द्यायला सांगितले. तिथून खानावळ सुरू झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खानावळ म्हणजे स्वयंपाक. स्वयंपाक कुणालाही येतो. खानावळ म्हणजे माणसाची भूक ओळखणं. गिऱ्हाईक दारात चप्पल कशी काढतं, त्यावरून मला कळतं की आज याला तीन भाकऱ्या लागतील की पाच. पहिली भाकरी गरम आणि जाड वाढायची. आमटी पहिल्यांदा थोडी, मागितल्यावर भरपूर. आणि ताटात कडक भाकरी असलीच पाहिजे. ही भाकरी आम्ही पातळ थापून, भाजून, मंद आचेवर पापडासारखी वाळवतो. महिनोन् महिने टिकते. ती चावायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पोट भरल्याचं डोक्याला कळतं. धंद्यातली ही गुप्त गोष्ट आहे, पण आता ती सांगून माझं काही बिघडत नाही.

दुसरी एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या घरी मराठी आणि कानडी एकाच ताटात असतात. कुणी भेटलं की आम्ही नमस्कार म्हणत नाही. "ऊटा आतेन्री?" असं विचारतो. म्हणजे, जेवण झालं का? त्यावर समोरच्यानं "आत्री", म्हणजे हो, जेवलो, असं म्हणायचं. झालं. सकाळ असो, तिन्हीसांज असो, पोटात कावळे ओरडत असोत, उत्तर "आत्री". "इल्री", म्हणजे नाही, असं म्हणायची रीत नाही. कारण इल्री म्हटलं की विचारणाऱ्याला पान मांडावंच लागतं. म्हणून भला माणूस आत्री म्हणतो आणि पुढं जातो.

आता कर्ज. माझे थोरले दीर हौशी. त्यांनी सोलापूर ते अक्कलकोट सर्व्हिस मोटार सुरू करायचं मनात घेतलं. चाटी गल्लीतल्या एका सावकाराकडून कर्ज काढलं. बाळीवेशीतलं आमचं घर तारण ठेवलं. त्या घरात माझ्या सासूबाई राहत. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. जामीन म्हणून सही आमच्या यजमानांची. रजेवर आले होते, बासुंदी झाली होती, दुपारची झोप यायला लागली होती, अशा वेळी भावानं कागद पुढं केला. माझं तेव्हापासून मत आहे की बासुंदीनंतर पुरुषाला दौत-टाक देऊ नये.

मोटार अक्कलकोटला जायची. परत यायची की नाही, ते मोटारीच्या मनावर. एके दिवशी तिला बैल जोडून आणली. त्यानंतर दीर मोगलाईत निघून गेले. निजामाच्या हद्दीत इकडच्या कोर्टाचा बेलिफ जात नसे, ही सोय सोलापुरातल्या पुष्कळ हौशी माणसांना ठाऊक आहे. राहिलो आम्ही समुद्रापलीकडं, आणि अव्वा त्या घरात. सावकाराचं म्हणणं एकच. पैसे आले नाहीत तर घर घेऊन तिथं चादरींचं गोदाम करणार.

वसुली हा धंदा आहे, आणि मी धंद्याला नावं ठेवत नाही. त्यातही कसब असतं. हा सावकार उघडी कार्डं पाठवायचा. कार्ड मोंबासाच्या टपालात पडलं की मराठी वाचता येणारा प्रत्येक जण ते आधी वाचायचा. मग ते आम्हाला मिळायचं. दुसरी युक्ती अशी की सोलापुरातून जो कोणी आफ्रिकेला निघेल त्याला सावकार घरी बोलावून पानसुपारी द्यायचा आणि आमच्यासाठी निरोप द्यायचा. तो माणूस बोटीतून उतरून, ट्रंक खाली ठेवायच्या आधी मला सांगायचा, "अक्का, सावकारांनी सांगितलंय—"

मी नियम केला. आधी जेवण, मग निरोप. बोटीवरचा भात खाऊन कंटाळलेला माणूस झुणका-भाकरी खाऊन उठला की त्याला निरोप आठवत नसे. आठवलाच तर तो इतका मऊ होऊन बाहेर पडायचा की ऐकायला बरं वाटायचं. एकानं ढेकर देऊन सांगितलं, "सावकारांनी तुमची आठवण काढली होती." बस्स, एवढंच.

तिसरी युक्ती मात्र मला लागली. एकदा कार्ड आलं ते कोपरा फाडलेलं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. यजमान ते हातात घेऊन खालीच बसले. वाचेनात. मी वाचलं. "आपल्या मातोश्रींची प्रकृती उत्तम आहे. आमचे येणे मात्र अद्याप येणेच आहे."

यजमान रडता रडता हसायला लागले. मला हसू आलं नाही. मी त्याच दिवशी उलट कार्ड टाकलं. "आपले कार्ड फाटलेल्या स्थितीत मिळाले. टपालखात्याकडे तक्रार केली आहे. कार्ड जपून टाकत जावे." त्यानंतर फाटकं कार्ड आलं नाही. माणूसच आला.

त्याचं नाव सिद्राम. सावकाराच्या दुकानातला वसुलीचा माणूस. सावकारानं मोंबासाच्या एका व्यापाऱ्याला सोलापुरी चादरी पाठवल्या होत्या, त्या पोचवायच्या निमित्तानं त्याला धाडलं होतं. उंच, हाडकुळा, डोक्याला लाल रुमाल. तो सकाळीच आला, आत आला नाही. काखेतली चादर त्यानं आमच्या उंबऱ्याबाहेर पसरली, शेजारी एक गाठोडं ठेवलं आणि मांडी घालून बसला.

मी विचारलं, "काय रे?"

"अक्का, मी काय तुमचा वैरी न्हाई. पन सावकारानं सांगून धाडलंय. वसूल घेतल्याबिगर येऊ नगंस. मी धरणं धरलंय."

धरणं हल्लीच्या मुलांना ठाऊक नसेल. येणेकरी देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसतो. तो उपाशी तोवर घरानंही जेवायचं नाही. सरकारनं हा प्रकार केव्हाच बंद केला म्हणतात, पण सरकारनं बंद केलं म्हणून रीत बंद होते असं नाही. आणि इथं तर घर नव्हतं, खानावळ होती. चुलीवर आमटी उकळत होती आणि कढईत झुणका शिजत होता.

दुपारी शेडमधली माणसं आली आणि रस्त्यापलीकडं थांबली. इरप्पा पुढं आला.

"अक्का, ह्याला वलांडून कसं यावं? पाप लागंल की."

"मग काय करता?"

"हुबं राहतो."

"उभं राहून पोट भरतं का?"

"न्हाई भरत. पन पाप बी लागत न्हाई."

एक पंजाबी ड्रायव्हर आमच्याकडं जेवत असे. त्याला या रिती ठाऊक नव्हत्या. तो सिद्रामला सहज ओलांडून आत आला, ताटावर बसला. मी सांगितलं की आज वाढता येत नाही. कारण ऐकून तो बाहेर गेला आणि सिद्रामला म्हणाला, "भाई, भूख लगी है तो अंदर आ जा. बाहर क्यों बैठा है?" सगळ्या भानगडीत त्या दिवशी एवढंच एक शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं.

संध्याकाळी यजमान म्हणाले, "हातातली बांगडी मोड. काहीतरी देऊन टाकू."

मी म्हटलं, "बांगडीनं व्याजाचं शेपूट हलेल, अंग हलणार नाही. आणि उद्या दुसरा येऊन बसेल. कुणी दारात बसलं की आम्ही देतो, हे एकदा सोलापूरला कळलं की आपल्या दाराला रांग लागेल."

"मग काय करणार?"

"शेंगदाणे आहेत. चटणी कुटते."

रीत अशी की जेवायचं नाही. कुटायचं नाही असं कुठंही सांगितलेलं नाही. मी उखळ दाराजवळ ओढलं. लसूण पडला, तिखट पडलं, मुसळ चालू झालं. तेल सुटायला लागलं की त्या चटणीचा जो वास येतो तो ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. सिद्राम आधी उजवीकडं तोंड करून बसला. मग डावीकडं. मग रुमाल नाकावर घेतला. पण उठला नाही. हे मी त्याच्या बाजूनं सांगते. आपलं काम त्यानं नीट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात सडा टाकायला बादली घेऊन बाहेर आले. सिद्राम नुकताच उठून बसला होता. रस्त्यापलीकडं इरप्पा आणि आणखी दोघे कामावर जाताना थांबले होते. समोर ओळखीचं माणूस, सकाळची वेळ. माझ्या तोंडून गेलं, "ऊटा आतेन्री?"

आणि सिद्राम जांभई आवरत म्हणाला, "आत्री, अक्का."

मग पलीकडून इरप्पा जो ओरडला तो बंदरावर ऐकू गेला असेल. "जेवला! जेवला! सोताच्या तोंडानं म्हनला!"

सिद्राम उठून उभा राहिला. "अवो, तसं न्हाई! ती बोलायची रीत हाय की! कोन बी इचारलं तर असंच म्हनत्यात!"

मी म्हटलं, "आणि धरणं काय आहे, सिद्राम? ती पण रीतच आहे की. तू रीत दाखवलीस ती मी मानली. कालपासून घरात चूल थंड आहे. आता तू म्हणालास जेवण झालं, तेही मी मानते. जेवलेल्या माणसाचं धरणं असतं का?"

त्यानं रस्त्यापलीकडं पाहिलं. तिघेही माना हलवत होते. नसतं, नसतं. त्यानं आपल्या चादरीकडं पाहिलं.

"मी फसलो," तो म्हणाला.

"फसलास. आत ये, हात धू."

लोक अजून म्हणतात की मी मुद्दाम विचारलं. मी मुद्दाम विचारलं नाही. माझ्या तोंडून गेलं, तसंच त्याच्याही तोंडून गेलं. गेल्यावर मी त्याला ते परत घेऊ दिलं नाही, एवढं मात्र खरं.

त्या दिवशी शेडमध्ये सगळे उशिरा गेले. सिद्राम जेवायला बसला. मी चटणीवर तेल घालत होते, तो भाकरी मोडत होता. शेवटी ताक पिऊन तो म्हणाला, "अक्का, आता तगादा कुठल्या तोंडानं करू?"

"त्याच तोंडानं कर. आधी ते पूस."

मग त्यानं ते गाठोडं पुढं सरकवलं. धरणं चालू असताना ते त्याच्या मांडीजवळच होतं. आत कडक भाकऱ्यांची चवड, वरून जुन्या लुगड्याचं फडकं.

"अव्वानं दिल्यात. म्हनली, सावकाराचं काम कर, माजं बी कर."

मी विचारलं, "हे आधी का दिलं नाहीस?"

"धरण्याला बसनाऱ्या मानसानं देनेकऱ्याच्या आईची भाकरी कशी द्यायची? सोबंल का ते?"

म्हणजे हा माणूस दिवसरात्र भाकऱ्यांना टेकून उपाशी बसला होता. यजमानांनी त्यातली एक भाकरी मोडली, वास घेतला आणि कामावर गेले. मी सिद्रामला विचारलं, अव्वा तुला दारात उभं तरी कशा करतात? तो म्हणाला, "हुबं न्हाई करत. दर सोमवारी जातो. ती म्हनती, बस, ह्या तुरी निवड. तुरी निवडून हुईस्तवर सांज हुती." त्यानं वसुलीच्या नावाखाली आमच्या घरच्या कितीतरी तुरी निवडल्या होत्या.

परतीच्या बोटीला वेळ होता. तोवर तो आमच्याकडंच जेवला आणि जेवता जेवता दुकानातल्या गोष्टी सांगू लागला. सावकाराच्या पेढीवर आणि गोदामात पुष्कळ माणसं. बहुतेक खेड्यांतून आलेली, घरदार गावाकडं. "दुपारी काय खाता?" मी विचारलं.

"डाळं-चुरमुरं. न्हाई तर कुटं तरी गिळून येतो. गिऱ्हाईक दारात आन मानूस भजी हुडकत गल्लीत. सावकार बोंबलतो, पन करतो काय?"

मी हातातला डाव खाली ठेवला. घर गोदामाला हवंय म्हणणाऱ्या माणसाची नोकरमंडळी भर दुपारी चुरमुऱ्यांवर होती, आणि ते घर त्याच्या दुकानापासून पानाची पिंक जाईल इतक्या अंतरावर होतं. हे मला मोंबासात बसून कळलं.

मी यजमानांना सांगितलं की मी सिद्रामच्याच बोटीनं सोलापूरला जाते.

"आणि मी जेवू कुठं?"

"इरप्पाला भाकरी थापायला शिकवलं आहे. जाड होते, पण होते."

खानावळ इरप्पाच्या हवाली केली. तिथला ओल्या नारळाचा रस आणि समुद्राचा वारा अजून आठवतो. यजमानांचा करार संपायला पुढं दोन वर्षं लागली, आणि त्यांनी ती इरप्पाच्या भाकरीवर काढली. त्याबद्दल ते मला आजही अधूनमधून ऐकवतात, आणि ते बरोबर आहे.

सोलापूरला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चाटी गल्लीत गेले. सावकार गादीवर लोडाला टेकून बसले होते.

"काय गौराक्का, आफ्रिकेतून काय आणलंस?"

"तुमचा माणूस परत आणला. धष्टपुष्ट करून."

सावकारांनी सिद्रामकडं पाहिलं. त्याच्या अंगावर खरंच मांस चढलं होतं. मी सरळ सांगितलं. बाळीवेशीतल्या घरात मी खानावळ घालते. तुमची माणसं दोन्ही वेळ तिथं जेवतील. महिन्याचा जो आकार होईल तो तुम्ही मला देऊ नका, कर्जातून वळता करा.

सावकार हसले. "अगं, खात्यात भाकरी कशी जमा करू?"

"साडी करता तशी. कापूस करता तसा."

"आणि माणसं जास्त जेवली तर?"

"ती माझी काळजी. आकार माणशी, भाकरीमागं नाही."

हे ऐकल्यावर ते लगेच हो म्हणाले. का म्हणाले, ते पहिल्या पंगतीला कळलं. त्यांनी निवडून माणसं पाठवली होती. गोदामातले गठ्ठे उचलणारे. एकेकाचा दंड माझ्या मुसळाएवढा. सिद्राम मागून आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "अक्का, सावकारानं त्यास्नी सांगितलंय, पोट फुटंस्तवर खावा. म्हंजी आठवड्यात अक्काच पळंल."

अव्वा चुलीपाशी होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "गौरा, ही मानसं हायती का बैलं?"

"बैलच आहेत, अव्वा. कडक भाकरी काढा."

पहिली गरम भाकरी जाड वाढली. मग कडक भाकरी, शेंगाची चटणी, तिखट झणझणीत आमटी, आणि मध्ये मध्ये ताक. कडक भाकरी चावून चावून त्या मंडळींचे जबडे दुखायला लागले. ताकानं पोट भरलं. त्यातला सगळ्यात धिप्पाड माणूस ताटावरून उठताना म्हणाला, "अक्का, लई जेवलो की. पन किती जेवलो त्ये कळंना." मी त्याला सांगितलं, मलाही कळंना.

आठवडा गेला, महिना गेला. कुणी पळालं नाही. माझ्या अंदाजापेक्षा माणसं जास्तच जेवली, पण दुपारी पोटभर जेवलेला नोकर गिऱ्हाइकाशी नीट बोलतो, हे सावकारांच्याही लक्षात आलं. गल्लीतल्या इतर दुकानांतली माणसं रोख पैसे देऊन यायला लागली. त्यांच्या पैशावर खानावळ चालली आणि सावकारांच्या माणसांच्या पोटावर कर्ज उतरलं. अव्वांना इतकं बोलायला माणसं आयुष्यात कधी मिळाली नव्हती. त्या प्रत्येकाच्या गावची पीकपाण्याची चौकशी करायच्या आणि ज्याचं लग्न ठरत नसेल त्याला मुलगी सुचवायच्या. त्यांतली दोन लग्नं झाली. दीर मोगलाईतून निरोप पाठवायचे की मी येऊ का. अव्वा सांगायच्या, येताना मोटार आणू नको. ते काही आले नाहीत. त्याचं वाईट अव्वांना वाटतं, मला फारसं नाही.

मग एके दिवशी सिद्राम हात धुवून आला तो ताटावर न बसता चुलीपाशी उभा राहिला.

"अक्का, कालच्या जेवनात तुमचं घर सुटलं."

"म्हणजे?"

"फिटलं. मी सोता जमा धरलंय."

मी त्याला पहिली भाकरी तूप घालून वाढली. अव्वांनी चुलीला हात जोडले. आता सावकारांनी गहाणखत परत द्यायचं, एवढंच राहिलं होतं. मी गेले. सावकार गोड बोलले. "उद्या ये." दुसऱ्या दिवशी मुनीम नव्हता. नंतर तिजोरीची किल्ली घरी राहिली. मग म्हणाले, गड्ड्याची जत्रा होऊन जाऊ दे, सध्या गिऱ्हाइकाची गर्दी. जत्रा झाली. मग म्हणाले, महिनाअखेर होऊ दे.

सावकारांची सगळी माणसं नेहमीप्रमाणं जेवून जात होती, आणि त्यांचा आकार कुठं जमा होतो ते कुणी सांगेना. मी सिद्रामला विचारलं तेव्हा त्यानं चोहीकडं पाहून सांगितलं, "अक्का, कागद दिला की रोख द्यावं लागंल. म्हून चालढकल चाललीय. कागद हाय तवर भाकरी फुकट, असा हिशेब हाय."

"तो देणारच नाही?"

"घर बी त्याच्या मनातनं गेलं न्हाई. गोदामाला जागा हुडकतोय अजून."

म्हणजे सगळ्यांनी कर्ज खाऊन संपवलं, ढेकर दिली, आणि घर होतं तिथंच टांगलेलं. मी रागावले, पण मला रागात नीट सुचतं. मी सिद्रामला विचारलं, "मोंबासाला दारात पसरली होतीस ती चादर आहे का?"

त्याला लगेच कळलं. तो इतका मोठ्यानं हसला की पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. "हाय की! उद्या घिऊन येतो. सावकाराच्या म्होरनं न्हाई, मागनं."

अव्वा म्हणाल्या, "गौरा, मी बसते. मला उपासाची सवय हाय."

"अव्वा, तुम्ही बसलात तर सावकारीण तुम्हाला आत नेऊन दूध देईल, आणि तुम्ही ते प्याल."

अव्वांनी थोडा विचार केला. "व्हय. साय असंल तर पिईन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली नाही. पीठ झाकून ठेवलं, उखळ पालथं घातलं, दाराला कडी लावली. रोजच्या वेळी न्याहारीला आलेल्या माणसांना सांगितलं की धरणं आहे, आणि माझं धरणं असताना माझी खानावळ चालत नाही. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि माझ्या मागोमाग चाटी गल्लीत आले. मी सिद्रामची चादर सावकारांच्या दुकानाच्या पायरीवर पसरली आणि मांडी घालून बसले. पेढीवरची, गोदामातली, सगळी माणसं उपाशीपोटी माझ्यामागं उभी राहिली. गठ्ठा कुणी उचलेना. पायरी कुणी ओलांडेना.

सावकार आले. विभूती लावलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी मला पाहिलं, मागच्या माणसांना पाहिलं आणि त्यांना काय बोलावं ते सुचेना. सुचत नसलं की माणूस सवयीचं बोलतो.

"ऊटा आतेन्री, गौराक्का?"

सगळी गल्ली ऐकत होती. मी सावकाश त्यांच्याकडं पाहिलं.

"इल्री," मी म्हटलं. "आणि तुमच्या माणसांचंही नाही."

त्यांनी जुडग्यातून तिजोरीची किल्ली काढली.